उघडं शटर

त्या गल्लीत रविवार सोडून एखादं दुकान बंद दिसलं असतं, तर लोकांनी तोंडात बोटं घातली असती. कुणी आजारी पडो, बाळंत होवो, कुणाच्या घरातलं माणूस जावो, सकाळी शटर वर जायचंच. कारण गल्लीत बायकांचं व्यापारी मंडळ होतं, आणि मंडळाला अध्यक्षबाई होत्या.

अध्यक्षबाई मुळात शिवणकाम करणाऱ्या. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचणी. बोलायचं झालं तरी टाचणी काढायच्या नाहीत, त्यामुळे ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष बोलण्याकडे आणि अर्धं टाचणीकडे असायचं. मंडळ त्यांनी उभं केलं त्यामागे त्यांची स्वतःची कहाणी होती. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा दुकान कित्येक दिवस बंद राहिलं. तो गेला, आणि दिवसकार्य आटोपून त्या दुकानात आल्या तर एकही गिऱ्हाईक शिल्लक नव्हतं. सगळे नाक्यावरच्या शिंप्याकडे गेलेले. रस्त्यात भेटले की हळहळायचे मात्र तोंड भरून. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं की बाईच्या दुकानाचं शटर म्हणून पुन्हा खाली राहू द्यायचं नाही.

म्हणून मंडळाचा पहिला नियम: जिचं दुकान बंद पडायची वेळ येईल, तिचं दुकान बाकीच्यांनी पाळीपाळीने उघडायचं. पार्लरवालीला डेंग्यू झाला तेव्हा साबणवालीने लोकांच्या भुवया कोरल्या. दोन बायकांच्या भुवया महिनाभर आश्चर्य वाटल्यासारख्या दिसत होत्या, पण पार्लरचं गिऱ्हाईक तुटलं नाही. याची आठवण निघाली की अजूनही मंडळात हसून हसून पुरेवाट व्हायची.

दुसरा नियम होता, घरचं रडगाणं मंडळात आणायचं नाही. यामागेही कारण होतं. या आधीचं मंडळ सासूच्या आणि नवऱ्याच्या गोष्टींतच बुडालं होतं. आज एकीने रडायचं, उद्या दुसरीने ते गल्लीभर करायचं, परवा तिसरीच्या नवऱ्याने येऊन दारात तमाशा करायचा. अध्यक्षबाईंनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "इथे आपण धंदेवाल्या बायका आहोत. डोळे पुसून यायचं आणि मग बोलायचं." सगळ्यांना ते फार आवडलं होतं. इस्त्रीवालीला तर सगळ्यात जास्त. तिने मान हलवली होती, आणि नंतर कधी त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

ही इस्त्रीवाली म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून जे पहिलं दुकान, तिथली. दुकान कसलं, खोल आणि अंधारी बोळच ती. पुढे कपड्यांच्या गठड्या, मागे टेबल. टेबलामागे ती दिवसभर उभी असायची, निळा एप्रन घालून, जेमतेम दिसायची. बोलायला कमी, कामाला वाघीण. शर्टाची घडी अशी घालायची की बटण लावलेल्या शर्टात माणूस आहे की काय असं वाटावं.

एका सोमवारी सकाळी तिचा नवरा किल्ली घेऊन अध्यक्षबाईंच्या दुकानात आला. नीटनेटका माणूस. कपडे बायकोनेच इस्त्री केलेले.

"ताई, जरा अडचण आहे," तो म्हणाला. "तिच्या आईचं अचानक दुखणं निघालं. रात्रीच गाडीत बसवून दिली तिला. काही दिवस तरी यायची नाही. दुकान बंद राहिलं तर गिऱ्हाईक जाईल, म्हणून म्हटलं आधी तुमच्याकडे जावं."

अध्यक्षबाईंचा ऊर भरून आला. एखादा नवरा आपल्या पायांनी चालत येऊन मंडळावर भरवसा टाकतोय, असं कधी घडलं नव्हतं. बाकीच्यांचे नवरे मंडळाचं नाव काढलं की नाकं मुरडायचे.

"काळजी करू नका भाऊजी," त्या म्हणाल्या. "तिला सांगा, शटर एक दिवस खाली राहायचं नाही."

"तेच हवंय," तो म्हणाला, आणि हात जोडून गेला.

अध्यक्षबाईंनी ताबडतोब पाळ्या लावल्या. सकाळची पाळी स्वतःकडे घेतली, कारण शिवणाचं गिऱ्हाईक उशिरा उठून येतं. दुपारी पार्लरवाली, संध्याकाळी साबणवाली. अध्यक्षबाईंनी खुंटीवरचा निळा एप्रन चढवला, शटर ढकलून वर केलं आणि टेबलामागे जाऊन उभ्या राहिल्या. कुठलंही काम करायचं तर ते करणाऱ्यासारखंच करायचं, हा त्यांचा खाक्या. इस्त्रीवाली कॉलर कशी दाबते, बाही कशी फिरवते, हे त्यांनी येता-जाता पाहिलेलं होतं. पहिल्या दोन-चार शर्टांना जरा हात अडखळला, मग बसला.

थोड्या वेळाने मोठ्या रस्त्यावरून एक बस गेली. दुकानासमोर येताच तिने दोनदा हॉर्न दिला. हेही अध्यक्षबाईंनी पाहिलेलं होतं. ती बस रोज सकाळी हॉर्न द्यायची आणि इस्त्रीवाली मान वर न करता हात वर करायची. असेल कुणी ओळखीचं गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाला चुकल्यासारखं वाटायला नको, म्हणून अध्यक्षबाईंनीही मान वर न करता हात वर केला.

मग त्या रोज करत राहिल्या.

दोन-तीन दिवसांनी घड्याळवाले आजोबा आले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला घड्याळं दुरुस्त करत बसणारे, दर आठवड्याला दोन सदरे टाकणारे. त्यांनी भिंग कपाळावर सरकवून टेबलामागे पाहिलं.

"ही कुठंय आमची?"

"आईकडे गेलीय आजोबा. आई आजारी आहे तिची. पण तुमचे सदरे वेळेवर मिळतील हं, मंडळ आहे ना!"

"मिळतील हो. सदऱ्यांची मला घाई नाही," आजोबा म्हणाले, आणि जरा वेळ तिथेच रेंगाळले. सदरे न्यायला आले तेव्हा पुन्हा विचारलं, "काही निरोप आला का तिचा?" अध्यक्षबाईंना म्हाताऱ्याची गंमत वाटली. दिवसभर घड्याळांशी बोलणारा माणूस, त्याला चौकशीला विषय मिळाला, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी घडी घातलेले सदरे त्यांच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "बघा, तिच्यासारखीच घडी आलीय की नाही?" आजोबांनी घडी पाहिली, आलीय म्हणाले आणि गेले.

विचारणारे ते एकटेच नव्हते. दुपारी पाळी बदलताना पार्लरवाली म्हणाली, "बाई, तिचा फोन लागत नाही. बंदच येतोय."

"आजाऱ्याच्या उशाशी फोन कुणाला सुचतो?"

"तेही खरं. पण मी काय म्हणते, तिच्या घरी एक चक्कर मारून येऊ का?"

"घरी आहे कोण? नवरा. त्याला जाऊन काय विचारणार तू? आणि घरच्या भानगडीत आपण पडत नाही, विसरलीस?"

पार्लरवाली विसरली नव्हती. ती एप्रन बांधायला लागली. खरं सांगायचं तर तिच्या मनात काहीतरी खुटखुटत होतं, पण अध्यक्षबाईंच्या तोंडाला लागायची त्या गल्लीत कुणाची छाती नव्हती. शिवाय नियम चांगलाच होता. त्या नियमाने एवढी वर्षं मंडळ टिकलं होतं.

त्याच आठवड्यात महासंघाची माणसं आली. साऱ्या शहरातल्या बायकांच्या मंडळांचा तो महासंघ, दर वर्षी एका मंडळाला ढाल द्यायचा. अध्यक्षबाई त्या ढालीवर कित्येक वर्षं डोळा ठेवून होत्या. महासंघाच्या बाई गल्लीतून फिरल्या, पाळीची पद्धत ऐकून त्यांनी मान डोलावली, आणि मग विचारलं की सध्या कुणाचं दुकान अशा रीतीने चालू आहे का. अध्यक्षबाई त्यांना थेट इस्त्रीच्या दुकानात घेऊन गेल्या. आत साबणवाली घाम पुसत चादरी दाबत होती. महासंघाच्या बाई भारावून गेल्या. "मालकीण नाही आणि गिऱ्हाईकाला पत्ताही नाही! याला म्हणतात संघटना," असं म्हणून त्यांनी उघड्या शटरसमोर सगळ्यांचा फोटो काढायला लावला. अध्यक्षबाई मध्ये उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी ओठांतली टाचणी काढून ठेवली होती.

ढाल मिळणार हे त्याच संध्याकाळी कळलं. अध्यक्षबाईंना वाटलं, इस्त्रीवाली परत आली की ढाल पहिल्यांदा तिच्याच हातात द्यायची. हे त्यांच्या अगदी मनापासून आलं होतं. त्या माणूस म्हणून वाईट नव्हत्याच, आणि तेच तर सगळ्यात वाईट झालं.

पुढल्या आठवड्यात, सकाळचीच वेळ, त्या टेबलामागे उभ्या असताना एक माणूस दुकानात शिरला. अंगावर बसचालकाचा गणवेश, हातात तशाच दुसऱ्या गणवेशाची गुंडाळी. बाहेरच्या उजेडातून आत आल्यामुळे त्याला धड दिसत नव्हतं.

"ताई, तू रागावशील, पण आज बस नाक्यावर लावून आलोच," तो अंधाराकडे बघत म्हणाला. "उद्यापासून माझा रूट बदलतोय. म्हटलं, सांगायला तर हवं." मग त्याचे डोळे सरावले आणि तो थबकला. "माफ करा. ताई कुठंय?"

"कोण ताई?"

"ही इस्त्रीवाली. बहीण माझी."

अध्यक्षबाईंनी इस्त्री उभी केली. "अहो, ती तर आईकडे गेलीय! तुमची आई आजारी आहे म्हणून..."

"कुणाची आई?" तो म्हणाला. "आमची आई केव्हाच गेली. मी हायस्कुलात होतो."

हातातली गणवेशाची गुंडाळी त्याने टेबलावर ठेवली.

"पण शटर तर रोज उघडं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज वर चढला. "मी रोज बघतोय. हॉर्न दिला, तिने हात केला. आत्ता, आज सकाळीसुद्धा केला. हात कुणी केला?"

अध्यक्षबाईंच्या अंगावर तिचा निळा एप्रन होता. त्यांनी सकाळी केला होता तसा हात जरासा वर केला.

मग त्याने जे सांगितलं ते त्या नंतर कित्येकदा स्वतःशी घोळवत राहिल्या. नवरा मारायचा. भाऊ जाब विचारायला गेला की नंतर दुप्पट मारायचा. शेवटी तिनेच भावाचं घरी येणं बंद केलं, दुकानातही येऊ नकोस म्हणाली, बघणारे जाऊन सांगतात. तिने त्याला एवढंच सांगून ठेवलं होतं की तुझी बस रोज इथून जाते ना, शटर वर दिसलं की समज मी धड आहे. रविवार सोडून ज्या दिवशी खाली दिसेल त्या दिवशी बस असेल तिथे सोड आणि घरी ये.

मंडळात कुणालाच हे माहीत नव्हतं. ती सांगणार तरी कशी? डोळे पुसून यायचं होतं ना तिथे. नवऱ्यालाही शटरची ती खूण माहीत नव्हती. बंद दुकान दिसलं की लोक विचारतात, एवढीच त्याची भीती, आणि ती घालवायला त्याला एक आख्खं मंडळ फुकटात मिळालं होतं.

भाऊ धावत सुटला. त्याच्यामागे अध्यक्षबाई, एप्रन अंगावरच. पार्लरवाली गिऱ्हाईकाच्या डोक्याला लावलेला रंग तसाच टाकून निघाली. घर जवळच होतं, तेही फार लांब असतं तर एकवेळ बरं वाटलं असतं. वरच्या मजल्यावरचं दार, बाहेरून कुलूप. नवरा कामावर गेलेला. भावाने बसमधली लोखंडी पहार आणून कुलूप तोडलं.

ती आतल्या खोलीत जमिनीवर होती. जिन्यावरून पडली की ढकलली हे नंतर पोलिसांनी लिहून घेतलं, पण पाय मांडीपाशी मोडला होता, आणि इतके दिवस तसाच राहिल्याने त्याकडे बघवत नव्हतं. शेजारी पाण्याची बाटली होती. तो माणूस सकाळी निघताना पाणी भरून ठेवत होता, म्हणजे त्याला सगळं नीट समजत होतं.

तिने डोळे उघडले. अध्यक्षबाईंकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिने भावाकडे पाहिलं, आणि तक्रार नाही, राग नाही, नुसती दमलेली.

"आज बघितलंस होय रे?" ती म्हणाली.

भावाने मान खाली घातली. पार्लरवाली भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. अध्यक्षबाईंना रडूही येईना.

पाय गेला. आणखी आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर बोलायला लागले आणि समोरच्यांचे चेहरे बघून थांबले. नवऱ्याला पोलिसांनी नेलं. पुढे त्याचं जे व्हायचं ते कोर्टात चाललं आहे, आणि कोर्टात चाललेलं सहसा चालतच राहतं.

ढाल आली. समारंभाला अध्यक्षबाई गेल्या नाहीत, तेव्हा महासंघाने ती दुकानात पोचती केली. वेष्टन न काढता त्यांनी ती शिलाई यंत्राखाली सरकवून दिली आणि मंडळाची बैठक बोलावली. मी अध्यक्षपद सोडते, एवढंच म्हणाल्या. राहा म्हणून कुणी आग्रह केला नाही. पार्लरवालीने जागा घेतली आणि पहिल्याच दिवशी दोन्ही नियम फिरवले. आता जिचं शटर खाली दिसेल तिच्या घरी आधी जायचं, तिला डोळ्यांनी बघायचं, आणि दुकानाचं काय ते नंतर. आणि मंडळात ज्या बाईला रडायचं असेल तिने खुशाल रडायचं. बायका रडायलाही लागल्या. आपल्यातल्या कितीजणींना रडायचं होतं, हे पाहून अध्यक्षबाई मागच्या खुर्चीवर सुन्न बसून राहायच्या. लोक त्यांना अजून अध्यक्षबाईच म्हणायचे. सवयीने. तेही त्यांना आता नको वाटायचं.

इस्त्रीवाली भावाकडे राहायला गेली. इस्त्रीचं काम उभ्याने करायचं, ते आता होण्यातलं नव्हतं. अध्यक्षबाई तिला बघायला जायच्या. आधी दारातूनच फळं देऊन परत यायच्या. मग एकदा भावजय आत या म्हणाली, तेव्हा गेल्या.

ती खिडकीशी खुर्चीत बसली होती. मांडीवर पातळ चादर. तिने हाताने समोरचा पलंग दाखवला, बसा म्हणाली. दोघी खाली रस्त्याकडे बघत बसल्या. माफी मागायची हे अध्यक्षबाई घरून ठरवून आल्या होत्या. शब्द जुळवून ठेवले होते. पण त्या पायाच्या जागेसमोर ते शब्द काढायचे म्हणजे, त्यांनाच लाज वाटली.

"सकाळी तुम्ही उभ्या राहायचात म्हणे," तीच म्हणाली. "भाऊ सांगत होता."

"हो."

"कॉलर उलट्या बाजूने आधी करायची. जमलं?"

"जमलं. बघून ठेवलं होतं."

"मला तिथे पडल्या पडल्या वाटायचं, नवरा काही मंडळाला किल्ली द्यायचा नाही, शटर बंदच आहे. आज नाही तर उद्या भाऊ बघेल. ट्रॅफिकमध्ये चुकलं असेल त्याच्या नजरेतून. रोज तेच वाटायचं." ती अध्यक्षबाईंकडे वळली. "गिऱ्हाईक काही बोललं का? कामाबद्दल?"

"नाही गं. कुणाची तक्रार नाही आली."

तिने चादरीची चुणी हाताने सपाट केली. पुन्हा पुन्हा केली.

"आणि माझ्याबद्दल? एवढी वर्षं त्या टेबलामागे काढली मी. माझी चौकशी केली का हो कुणी?"

अध्यक्षबाईंच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. नाही म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या, आणि तिला मात्र समजलं असतं की आपण असलो काय नसलो काय, जगाला शर्टाशी मतलब. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"घड्याळवाल्या आजोबांनी केली," त्या म्हणाल्या.

"केली?" तिचा चेहरा एकदम उजळला. त्या घरात शिरल्यापासून अध्यक्षबाईंनी तो पहिल्यांदाच उजळलेला पाहिला. "खरंच विचारलं त्यांनी?"

"दोनदा विचारलं. सदरे टाकायला आले तेव्हा, आणि न्यायला आले तेव्हाही."

"मग?"

"मग मी सांगितलं त्यांना. तू आईकडे गेलीयस म्हणून." अध्यक्षबाई तिच्याकडे बघत होत्या. नजर चुकवायची नाही, एवढं तरी त्यांनी ठरवलं होतं. "आणि म्हटलं, सदरे वेळेवर मिळतील."

तिच्या चेहऱ्यावरचा उजेड तसाच काही वेळ राहिला आणि मग गेला. तिने सावकाश मान हलवली, पहिल्या बैठकीत नियम ऐकून हलवली होती तशीच.

"मिळाले ना वेळेवर?" तिने विचारलं.

"मिळाले," अध्यक्षबाई म्हणाल्या.